भाट्याची खाडी : एका जलमार्गाची कहाणी

रत्नागिरी शहर सोडून पांवसच्या रस्त्यास लागलें कीं, काजळी नदीची रुंद खाडी आडवी येते. पुलावरून प्रवासी पाहतां पाहतां पैलतीरीं भाट्यास पोहोंचतो, उजव्या हातास सुरूचें बन व सरळ पसरलेली वाळू पाहतो, आणि 'देखावा रम्य आहे' एवढें म्हणून पुढें जातो. परंतु आगगाडी व मोटारी येण्यापूर्वीं हीच खाडी या मुलखाचा खरा हमरस्ता होती, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानांत येते. तिचा थोडा परिचय वाचकांस करून द्यावा, असा आमचा हेतु आहे.

काजळी ही विशाळगडाच्या बाजूस सह्याद्रींत उगम पावून साखरपा, अंजणारी असा प्रवास करीत भाट्यापाशीं समुद्रास मिळते. मुखापासून बरेंच आंतपर्यंत भरतीचें पाणी चढतें. दोन्ही कांठांवर तिवर, कांदळ, चिपी यांची दाट झाडी आहे. ओहोटी लागली कीं या झाडांचीं मुळें उघडीं पडतात, चिखलावर खेकडे धांवूं लागतात आणि बगळे भक्ष्य शोधीत उभे राहतात. शहराच्या इतक्या निकट असें रान असावें, याचें नवख्या माणसास आश्चर्य वाटतें.

या पाण्यावर पूर्वीं पडाव, मचवे व गलबतें यांची ये-जा असे. मुंबईहून कापड व धान्य यावें, मंगळूरकडून कौलें यावीं, आणि येथून आंबे, नारळ, सुपारी व सुकी मासळी जावी, असा हा व्यवहार. भरतीबरोबर भरलेली होडी आंत न्यावी व ओहोटीबरोबर परत आणावी. सारें गणित चंद्राच्या तिथीवर चाले. पावसाळ्यांत शिडाचीं जहाजें किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवीत. नारळी पौर्णिमेस सागराची पूजा झाली म्हणजे पुन्हां दर्याचा मार्ग मोकळा होई.

अशीच एक कहाणी उत्तर अमेरिकेंतील सरोवरांच्या प्रदेशांत आढळते. संयुक्त संस्थानें व कानडा यांच्या सरहद्दीवर व्हॉयाजर्स नांवाचें राष्ट्रीय उद्यान इ. स. १९७५ मध्यें स्थापन झालें. सरोवरें आणि अरण्य हेंच त्याचें वैभव. 'व्हॉयाजर' म्हणजे भूर्जवृक्षाच्या सालीची होडी वल्हवीत केसाळ कातड्यांचा माल वाहणारा नावाडी. आपल्याकडे पावसानें दर्या बंद होई, तर तिकडे बर्फानें सरोवरें बंद होत. दोन सरोवरांमध्यें जमीन आडवी आली कीं सुमारें ९० पौंडांचें एकेक गांठोडें, अशीं दोन दोन पाठीवर घेऊन हे लोक चालत. आपल्याकडेहि बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून आंबा घाट चढून कोल्हापुराकडे जात असे. कष्टांची जात सर्वत्र एकच!

मात्र त्या व्यापाराचा एक धडा कठोर आहे. युरोपांत बीव्हर नामक जलचर प्राण्याच्या लोंकरीच्या टोप्यांची आवड वाढली, इ. स. १६७० मध्यें स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीसारख्या संस्थांनीं हीं कातडीं जहाजें भरभरून नेलीं. परिणामीं कित्येक प्रदेशांत तो प्राणी जवळजवळ नाहींसा झाला. पुढें रेशमी टोपीची चाल पडली तेव्हां कोठें ही मागणी ओसरली. म्हणजे त्या मुक्या जीवाचें जगणें-मरणें परक्या शहरांतील शोकावर अवलंबून राहिलें!

आपल्या खाडीवर कातड्यांसाठीं असा घाला पडला नाहीं, तरी ती निर्धास्त आहे असें नव्हे. डोंगरांवरील झाडी तुटली कीं पावसाबरोबर माती खालीं येते. भाट्याच्या मुखाशीं गाळ व वाळू साचून ओहोटीच्या वेळीं राजिवड्याच्या मच्छीमारांस नौका आंतबाहेर करणें जिकिरीचें होतें. ज्या पाण्यानें गलबतें पोसलीं, त्यावर आज लहान होडीनेंहि भरतीची वाट पाहावी, हा केवढा पालट! दिलाशाची गोष्ट एवढीच कीं, इ. स. २००५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील तिवरांच्या तोडीस मनाई केली, आणि इ. स. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें पाणमांजरासारख्या केसाळ जलचरांसहि अभय दिलें. पण कायदा कागदावर राहतो. राखण करावयाची ती कांठच्या व येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांनीं.

सुटींत मुलांसह रत्नागिरीस जाणाऱ्या कुटुंबांनीं भाट्यास एक सकाळ अवश्य द्यावी. ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजासाठीं इ. स. १९१० मध्यें बांधलेल्या राजवाड्याच्या परिसरांतून आधीं ही खाडी वरून पाहावी, म्हणजे नदी, मुख व समुद्र यांचें नातें मुलांस सहज उमगेल. मग पूल ओलांडून झरी विनायकाचें दर्शन घ्यावें, इ. स. १९५५ पासून चालू असलेलें नारळ संशोधन केंद्रहि पाहण्याजोगें आहे. वाळूवर खाल्लेल्या फराळाचे कागद मात्र परत घरीं आणावे. आणि घरांत आजोबा-आजी असतील, तर गलबतानें किंवा आगबोटीनें केलेल्या प्रवासाच्या आठवणी त्यांच्याकडून विचारून लिहून ठेवाव्या. गाळ उपसतां येतो. परंतु माणसांबरोबर बुडालेली आठवण कोणत्याहि यंत्रानें वर काढतां येत नाहीं.