ऊर्फचा रकाना

"काका, शून्य की ओ?"

गाडीचं आरसी पुस्तक आता पुस्तक राहिलेलं नाही. प्लास्टिकचं कार्ड असतं, आणि भाच्याच्या पाकिटात घासून त्याच्यावरचा चेसिस नंबर पुसट झाला होता. मी कार्ड खिडकीकडे धरलं, चष्मा वर-खाली केला, तरी कळेना. टेबलापलीकडच्या महिला शिपायाने ते माझ्या हातून घेतलं. वय पंचविशीच्या आसपास, पण अख्खं ठाणं तिला मॅडम म्हणत होतं. "ओ नसतोच," ती म्हणाली. "चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. एक आणि शून्याशी घोळ होतो ना. म्हणजे हे शून्यच." मग तिने ती सतरा अक्षरं-आकडे मोठ्याने वाचत एकेक करून टाइप केले. इंजिन नंबरला तसा नियम नाही, म्हणून भाच्याला मोबाइलमध्ये विम्याचा कागद शोधायला लावला आणि त्याच्याशी ताळा घेतला.

नगर-पुणे रस्त्यावरचं हे ठाणं. भाचा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. खानावळीबाहेर लावलेली त्याची गाडी जेवण होईपर्यंत गेली होती. मी नुसता सोबत गेलो होतो. पण तक्रार लिहून होईतो पावणेदोन तास गेले आणि तेवढा वेळ मला तिच्या पडद्याकडे बघण्याखेरीज काम नव्हतं.

प्रथम खबरीचा नमुना वाचण्यासारखा असतो. घटनेचा वार, वेळ, खबर लेखी की तोंडी, उशीर झाला असल्यास त्याचं कारण. घटनास्थळ ठाण्यापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, हाही रकाना आहे. "पूर्वेस तीन किलोमीटर," ठाणे अंमलदारांनी मान वर न करता सांगितलं. कलम ३०३(२), भारतीय न्याय संहिता. जुलै २०२४ च्या आधी हेच ३७९ होतं आणि शेजारचे हवालदार बोलताना अजून तीनशे एकोणऐंशीच म्हणतात. मग एक बटण दाबलं गेलं आणि गुन्ह्याला नंबर पडला. भाच्याची गाडी देशभरच्या सतरा हजारांहून अधिक ठाण्यांच्या सामाईक नोंदीत जायला निघाली.

ही यंत्रणा म्हणजे सीसीटीएनएस. ठाण्यात तिला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. केंद्राने २००९ च्या जूनमध्ये दोन हजार कोटी रुपयांची ही योजना मंजूर केली, तेव्हा मुंबईवरच्या हल्ल्याला सात महिने होत आले होते. महाराष्ट्रात ती १५ सप्टेंबर २०१५ ला सुरू झाली. त्याआधीची दहा वर्षांची कागदपत्रंही त्यात भरायची होती. ते काम ज्यांनी केलं त्यांची बोटं काय म्हणत असतील, देव जाणे.

आपल्या नगर जिल्ह्याला तिची गरज का, हे नकाशाच सांगतो. १७,०४८ चौरस किलोमीटर, राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. शेजारी सात: नाशिक, ठाणे, पुणे, सोलापूर, धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर. घोड नदीचा पूल ओलांडला की शिरूर, म्हणजे पुणे ग्रामीण. प्रवरासंगमाला गोदावरी ओलांडली की संभाजीनगर. जामखेडहून आष्टीकडे निघालं की बीड. आणि पोलीस खात्याच्या रचनेत हे तिन्ही शेजारी आपल्या परिक्षेत्रातले नाहीत. नगर नाशिक परिक्षेत्रात, पुणे ग्रामीण कोल्हापूरच्या, बीड संभाजीनगरच्या. मोटारसायकल चोरणाऱ्याला हे ठाऊक नसेलही, पण फायदा त्यालाच मिळायचा.

"पूर्वी काय करायचो?" निवृत्तीला आलेले हवालदार चहाचा कप पुढे सरकवत म्हणाले. "बिनतारी संदेश सोडायचा. समोरच्या ठाण्याला तो मिळायचा, वहीत चिकटायचा, आन् वही कपाटात. आपल्या गाडीचा नंबर त्यांच्या वहीत, त्यांची गाडी आपल्या आवारात गंजत. मधे नदी." महिन्याच्या क्राईम मीटिंगला किंवा सरहद्दीवरच्या बैठकीला कुणाला काही आठवलं तर जुळायचं. सगळी मदार स्मरणशक्तीवर. ह्यांची दांडगी असावी. भिंतीलगतच्या गाड्यांच्या ढिगाकडे बघून त्यांनी मला दोन गाड्यांचा इतिहास सांगितला.

आता पकडलेल्या गाडीचा इंजिन नंबर टाकला की ती कुठल्या ठाण्याच्या गुन्ह्यातली, हे कळू शकतं. कळू शकतं म्हणतो, कारण मधे बोटं आहेत. इकडे शून्याचा ओ झाला, तिकडे बरोबर शून्य टाकलं, तर दोन्ही नोंदी एकाच संगणकात शेजारी पडून राहतील आणि एकमेकींना ओळखणार नाहीत. नदी गेली, पण एक अक्षर तिच्याएवढंच रुंद होऊन बसतं. चोर नंबर घासतात, त्यावर न्यायवैद्यक प्रयोगशाळेत इलाज आहे. धातूवर रसायन चढवून दबलेला ठसा वर आणता येतो. चुकीच्या टायपिंगवर तसलं रसायन नाही.

गाडीचं निदान बरं. तिला एक नंबर असतो, कायमचा. माणसाचं तसं नाही, आणि नगर जिल्ह्यातल्या माणसाचं तर नाहीच. आमच्याकडे रावसाहेब, भाऊसाहेब, बाळासाहेब ही पाळण्यातली नावं आहेत. दारू पिऊन बाजारात दंगा करणाराही प्रथम खबरीत रावसाहेबच असतो. शाळेच्या दाखल्यावर दत्तात्रय, गावात दत्तू, आधारवर इंग्रजीतून मराठीत येताना भलतंच काहीतरी. पत्त्याचीही तीच गत. पाथर्डी-शेवगावकडचा ऊसतोड मजूर सहा महिने कारखान्यावरच्या कोपीत असतो. म्हणून 'रा.' च्या पुढे 'ह. मु.' येतं, हल्ली मुक्काम, आणि हंगाम संपला की तो हल्ली राहत नाही.

यावरचा पोलिसांचा जुना उपाय म्हणजे ऊर्फ. अटकेच्या नमुन्यात नावाखाली तो रकाना आहे. हवालदारांच्या मते तपास त्याच्यावरच चालतो. साक्षीदाराला खरं नाव माहीत नसतं. त्याने 'ए पप्पू, चल' एवढंच ऐकलेलं असतं. आता पप्पू म्हणून शोधलं तर जिल्ह्याजिल्ह्यांतून किती पप्पू निघतील! म्हणून पुढचे रकाने: बांधा, उंची, रंग, दात, केस, सवयी, बोलीभाषा, तीळ, व्रण, कोड, गोंदण. बोटांचे ठसे तर असतातच. २०२२ पासून नाफिस या राष्ट्रीय यंत्रणेत ठशांना दहा आकडी क्रमांक मिळतो. ठसा ऊर्फ लावत नाही.

पण हे सगळं बघताना मला दुसरंच काही खटकत होतं. नमुने एक ते सात आहेत: खबर, घटनास्थळ, अटक, जप्ती, दोषारोपपत्र, मग न्यायालयाचा निकाल आणि अपील. पहिले पाच पोलीस स्वतः भरतात, मुदतीचा काच असतो म्हणून भरतातच. सहावा निकालाचा. तो न्यायालयातून कळल्यावर भरायचा. पोलीस, न्यायालय, तुरुंग, सरकारी वकील, प्रयोगशाळा यांना जोडणारी आयसीजेएस यंत्रणा आहे, तिच्या दुसऱ्या टप्प्यासाठी २०२२ मध्ये ३,३७५ कोटी मंजूर झाले आणि नोंद एकदाच करायची हे तिचं ब्रीद आहे. तरी समजा, चार वर्षांनी कुणी निर्दोष सुटला आणि सहावा नमुना रिकामाच राहिला, तर पलीकडच्या जिल्ह्यात नाव टाकणाऱ्याला काय दिसेल? अटक दिसेल. वही कपाटात होती तेव्हा हा डाग एका हद्दीपुरता होता. २०२२ च्या ओळख कायद्याने ठसे-मोजमापं पंचाहत्तर वर्षं ठेवता येतात. आधी कधी शिक्षा झालेली नसेल आणि सर्व अपिलं संपून सुटका झाली तर ती नष्ट करायची, असंही तोच कायदा सांगतो, न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्यांनी वेगळा आदेश दिला नसेल तर.

श्रीगोंदा-कर्जतकडच्या पारधी वस्त्यांमध्ये हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा म्हणजे एक सामाईक नोंदवहीच होती. तिच्यात नाव पडायला गुन्हा करावा लागत नसे, जन्मणं पुरे होई. तो १९५२ मध्ये गेला. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावं लागलं की मागास आणि वंचित समाजातल्या निरपराध माणसांच्या हिस्ट्रीशीट यांत्रिकपणे उघडू नका. मी हे हवालदारांजवळ काढलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मशीनला जात कळत नाय. भरणाऱ्याला कळते."

गाडी अकराव्या आठवड्यात सापडली, घोड नदीच्या पलीकडे. नाकाबंदीत एक पोरगा कागदांशिवाय मिळाला, नंबरप्लेट बदललेली. इंजिन नंबर टाकला आणि आमच्या ठाण्याचा गुन्हा समोर आला. पोराचा ताबा इकडच्या पोलिसांनी घेतला. आम्ही गाडी ओळखायला गेलो, त्याच दिवशी त्याला आणलं होतं. न्यायालयातून सुपूर्तनाम्यावर गाडी सुटायला आणखी वेळ होता, म्हणून आम्ही नुसतेच बसलो.

पोरगा एकोणीस वर्षांचा, जत्रेतला वाटावा असा शर्ट. मॅडम त्याच्या अटकेचा नमुना भरत होत्या. उंची झाली. डाव्या मनगटावरचं गोंदण झालं, बदाम आणि त्यात एक अक्षर. बोलीभाषा, मराठी.

"ऊर्फ?"

त्याला कळलं नाही.

"घरी काय म्हणतात?"

"सोन्या."

"सोन्या की सोनू? नीट सांग."

"आई सोन्या म्हणती. पोरं सोनू."

तिने दोन्ही टाइप केले.