खांदा आखडतो तेव्हा

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या खेड्यांतून बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेला खांदा शेकून, हळद-लोणी लावून हळुवार चोळतात. माणसाच्या खांद्याची विचारपूस मात्र तो दुखू लागेपर्यंत कोणी करीत नाही. मग एके दिवशी फळीवरचा चिवड्याचा डबा काढायला हात वर जात नाही, वेणी घालताना मागे पोचत नाही, रात्री त्या कुशीवर निजता येत नाही. आणि घरात सल्लागारांची रीघ लागते. कोणी म्हणते, तेल चोळा. कोणी म्हणते, शिरेवर शीर चढली आहे, उतरवून घ्या. अलीकडे शहरांतून आणखी एक सल्ला ऐकू येतो : कायरोप्रॅक्टरकडे जा, एका झटक्यात मोकळे व्हाल!

हा झटका म्हणजे काय आणि तो कोणत्या खांद्याला मानवतो, हे आधी पाहू.

डॅव्हनपोर्टचे पामरसाहेब

ही उपचारपद्धती अमेरिकेतली. आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट शहरात डॅनिएल डेव्हिड पामर हे गृहस्थ चुंबकीय उपचार करीत. १८९५ साली त्यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या, ऐकू न येणाऱ्या माणसाचा पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा त्यांचा दावा होता. ‘हात’ आणि ‘कृती’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून पद्धतीचे नाव ठरले आणि १८९७ मध्ये तिची शाळा निघाली. मणके जागचे सरकल्याने बहुतेक रोग होतात, हा पामरांचा सिद्धांत शास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. हाताने सांधे हलवून दुखणे हलके करण्याची कला मात्र टिकली. झटक्याबरोबर येणारा ‘कट्’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज.

बशीवरचा चेंडू

मांडीचा सांधा खोल उखळीत बसलेला असतो. खांद्याची उखळ मात्र बशीसारखी उथळ. तीवर दंडाच्या हाडाचा गोळा टेकलेला, आणि त्याला चार लहान स्नायूंनी व एका पातळ पिशवीसारख्या आवरणाने सांभाळलेले. म्हणूनच हा सांधा शरीरात सर्वांत जास्त फिरतो आणि सहज कुरबुरतोही.

त्याची दुखणी मुख्यतः तीन. पहिले, मानेतून खांद्यात उतरणारे. दुसरे, त्या चार स्नायूंच्या दोऱ्या सुजल्याने किंवा झिजल्याने होणारे. तिसरे, आवरणच आखडल्याने होणारे. या तिसऱ्याला बॉस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ साली ‘फ्रोजन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा, असे नाव दिले. आपल्या आयुर्वेदात ‘अवबाहुक’ म्हणून याच जातीच्या विकाराचे वर्णन आहे.

घरी एक साधी परीक्षा करता येते. स्वतःहून हात वर जात नाही, पण दुसऱ्याने अलगद उचलला तर जातो, अशा वेळी दोष बहुधा स्नायूंच्या दोऱ्यांत असतो. दुसऱ्याने उचलूनही जात नाही, आणि कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळवावा तर तोही वळत नाही, अशा वेळी खांदा बहुधा गोठलेला असतो.

घाई नको

मानेचे किंवा स्नायूंचे दुखणे असेल, तर जाणत्या हातांचा उपचार आणि सोबत व्यायाम यांनी काही जणांना उतार पडतो. गोठलेल्या खांद्याची गोष्ट निराळी. तो आधी दुखतो, मग आखडतो आणि मग हळूहळू सुटतो. या फेऱ्याला बहुधा एक ते तीन वर्षे लागतात. २००४ साली नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वेदना सोसवेल एवढाच व्यायाम केलेल्यांपैकी ८९ टक्के लोकांचा खांदा दोन वर्षांनी जवळजवळ पूर्ववत झाला. वेदना सहन करून जोराने ताणून घेतलेल्यांपैकी ६३ टक्के लोकांचाच. दुखऱ्या अवस्थेत ओढाताण करून घेणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

मानेला दिलेल्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत किंवा जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात, त्यांनी झटक्याच्या वाटेला जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये कायरोप्रॅक्टरसाठी चार वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण आणि त्यात देखरेखीखालील एक हजार तासांचा प्रत्यक्ष अनुभव सुचविला आहे. कोणाच्याही हाती मान देण्यापूर्वी ‘आपण शिकलात कोठे?’ असे विचारायला संकोच कसला?

आधी डॉक्टर

डाव्या खांद्याच्या कळेबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे. ते दुखणे हृदयाचे असू शकते. पडल्यानंतर हात उचलेनासा झाला, ताप आला, किंवा बोटे बधिर होऊन पकड सुटू लागली, तरीही डॉक्टरच हवेत.

आणखी एक गोष्ट. गोठलेला खांदा चाळिशी ते साठीच्या दरम्यान, विशेषतः स्त्रियांना होतो आणि मधुमेहींना इतरांपेक्षा बराच अधिक. पुष्कळांना आपला मधुमेह ठाऊकच नसतो. तेव्हा खांदा आखडला की रक्तातील साखर तपासून घ्यावी. सांध्यात इंजेक्शन घ्यायचे झाले तरी मधुमेह डॉक्टरांना सांगावा, कारण त्यानंतर काही दिवस साखर वाढू शकते.

घरचा व्यायाम सोपा आहे. चांगला हात टेबलावर टेकून कमरेत वाकावे आणि दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल झुलवावा. पुढे कळ कमी झाली की भिंतीवर बोटांनी मुंगीच्या पावलांनी वर चढावे आणि रोज जेथवर पोचलो तेथे पेन्सिलीची खूण करावी. अभ्यंगाच्या तेलाने आवरण सुटत नाही, पण ऊब मिळते आणि हात झुलवायला धीर येतो. खुणा महिन्याकाठी दोन बोटे वर सरकल्या, तरी समाधान मानावे.