ज्येष्ठांसाठी मेंदूचा व्यायाम
बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा येथे ४५ वर्षांवरील ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे. देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामीण व अल्पशिक्षित वर्गात प्रमाण अधिक. साहजिकच इंग्रजी अक्षरांवर व वेगावर बेतलेले मोबाईल-खेळ गरज असते तिथेच निरुपयोगी ठरतात. मातृभाषेतील बोलकी सूचना, बाजारहाटाचा ओळखीचा हिशेब, पायरीपायरीने वाढणारी काठिण्यपातळी आणि स्वतःच्याच कालच्या गुणांशी तुलना हवी. घड्याळाचा धाक नको. दाव्यांबाबत मात्र सावध असावे. स्मृतिऱ्हास टळतो अशी जाहिरात पुराव्याविना केल्याच्या आरोपावरून अमेरिकेत ‘ल्युमोसिटी’ने २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरले. सरावलेल्या खेळात प्रगती होते. ती दैनंदिन व्यवहारात कितपत उतरते, हा वाद मिटलेला नाही.