उशिरा मिळालेली दृष्टी आणि मेंदू : पवन सिन्हा यांचे संशोधन

जन्मांध माणूस घन आणि गोल हाताने चाचपून ओळखू शकतो. त्याला अचानक दृष्टी लाभली, तर स्पर्श न करता, केवळ पाहून तो त्यांतील फरक सांगू शकेल काय? आयर्लंडचे विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्याकडे पाठविलेल्या या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले. त्याला प्रयोगाचा भक्कम आधार मिळाला तो २०११ मध्ये, दिल्लीत शस्त्रक्रिया झालेल्या पाच मुलांमुळे.

या संशोधनामागे होते अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा. दिल्लीच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकून ते एमआयटीत गेले आणि डॉक्टरेटनंतर दृष्टिसंवेदनाच्या अभ्यासात स्थिरावले. त्यांचा सुरुवातीचा एक प्रयोग गमतीदार होता. बिल क्लिंटन आणि अल गोर यांच्या छायाचित्रात गोर यांचे नाक-डोळे-तोंड काढून तिथे क्लिंटन यांचेच बसविले, तरी पाहणाऱ्यांना बदल सहसा जाणवत नाही. डोक्याची आणि केसांची ठेवण पाहूनच मेंदू निकाल देऊन टाकतो.

२००२ मधील दिल्लीभेटीत मोतीबिंदूने अंध झालेली लहान मुले त्यांच्या दृष्टीस पडली आणि संशोधनाची दिशा बदलली. त्यातून ‘प्रोजेक्ट प्रकाश’ उभा राहिला. ग्रामीण भागात उपचारयोग्य अंधत्व असलेली मुले शोधायची, त्यांच्यावर विनामूल्य शस्त्रक्रिया करायची आणि मग त्यांचा मेंदू पाहायला कसा शिकतो हे अभ्यासायचे, असे त्याचे स्वरूप.

या कामापुढे मोठी वैद्यकीय शंका उभी होती. ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतून दिसले होते की, आरंभीच्या ठरावीक काळात डोळा झाकलेला राहिला, तर मेंदूतील दृष्टिकेंद्र त्याला प्रतिसाद देईनासे होते. (दोघांना १९८१ चे नोबेल मिळाले.) त्यावरून आठ-दहा वर्षांच्या अंध मुलावर शस्त्रक्रिया करून काय साधणार, असा प्रश्न डॉक्टरही विचारीत. गरीब घरातील मुलासाठी या शंकेचा अर्थ जन्मभराचा अंधार असा होता.

मॉलिन्यूच्या प्रश्नाचे उत्तर प्रथमदर्शनी ‘नाही’ असेच आले. ८ ते १७ वयोगटातील या मुलांना स्पर्शाने जाणलेली वस्तू डोळ्यांनी ओळखता आली ती सुमारे ५८ टक्के वेळा, म्हणजे अंदाजपंचे उत्तराहून फारशी सरस नाही. पाहिलेली वस्तू पुन्हा पाहून ओळखण्यात मात्र ती ९२ टक्के यशस्वी ठरली; तेव्हा दोष डोळ्यांचा नव्हता. पुढे काही दिवसांतच, कोणतेही खास प्रशिक्षण न देता, फेरचाचणी झालेल्या मुलांची कामगिरी लक्षणीय सुधारली.

नव्याने पाहणाऱ्याला जग तुकड्यातुकड्यांत दिसते. एकमेकांवर आलेले चौकोन आणि वर्तुळ त्याला तीन निरनिराळे आकार वाटतात. पण आकृत्या हलू लागल्या की एकत्र सरकणारे भाग एका वस्तूचे, हे मेंदू ताडतो. वयाच्या २९ व्या वर्षी प्रथमच योग्य चष्मा मिळालेल्या एका गृहस्थांना दीड वर्षानंतर स्थिर चित्रांतील वस्तूही वेगळ्या काढता येऊ लागल्या.

तरीही सारेच भरून येत नाही. या मुलांची दृष्टी सहसा पूर्ण तीक्ष्ण होत नाही. २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चित्रांतील रंग काढून टाकताच त्यांची वस्तू ओळखण्याची क्षमता बरीच घटलेली आढळली. सामान्य दृष्टीच्या मुलांना त्याने विशेष फरक पडला नाही. संशोधकांच्या मते, तान्ह्या बाळाला सुरुवातीस रंग नीट दिसत नसल्याने ते प्रकाश-छायेवर विसंबायला शिकते. उशिरा दृष्टी मिळालेल्यांच्या वाट्याला हा टप्पा येतच नाही. म्हणूनच जन्मजात मोतीबिंदू पहिल्या काही महिन्यांतच काढण्याचा आग्रह नेत्रतज्ज्ञ आजही धरतात. ती वेळ टळलेल्यांसाठीही दार बंद नसते, हे दिल्लीतील मुलांनी दाखविले.