मार चेहऱ्याला, धोका श्वासाला

राष्ट्रीय महामार्ग ५३ भंडारा, लाखनी, साकोली असा पुढे छत्तीसगडकडे जातो. अवजड ट्रकांच्या शेजारूनच शेताला, बाजाराला, शाळेला निघालेल्या दुचाक्या धावतात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जीव गेले. त्यांत शंभरातले चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे होते. दुचाकीवर चेहऱ्यापुढे कसलाच आडोसा नसतो. तरीही चेहऱ्याच्या माराबद्दलचे काही समज घट्ट रुजलेले आहेत, आणि ते जिवावर बेततात.

गैरसमज : डोक्यावर हेल्मेट असले की झाले.
वस्तुस्थिती : टोपीसारखे अर्धे हेल्मेट कवटी झाकते, हनुवटी उघडीच राहते. स्वार तोंडघशी पडला की जबडा, नाक आणि गालाचे हाड मोडते. म्हणून तोंडही झाकणारे, आयएसआय चिन्हाचे हेल्मेट हवे आणि त्याचा पट्टा घट्ट बांधलेला हवा. मागे बसलेल्यालाही तेच लागू.

गैरसमज : जखमीला उताणे निजवून पाणी पाजावे.
वस्तुस्थिती : हे सर्वांत घातक. जबडा दोन्ही बाजूंनी मोडला तर जीभ मागे पडते, रक्त घशात उतरते आणि श्वास कोंडतो. शुद्धीवर असलेल्याला पुढे वाकून बसू द्यावे. बेशुद्ध असेल तर मान व धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. पाणी देऊ नये.

गैरसमज : नाकातून पाणी येतेय, बोळा घालावा.
वस्तुस्थिती : तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. बोळा घालू नये, नाक शिंकरू देऊ नये.

गैरसमज : पडलेला दात गेलाच.
वस्तुस्थिती : पक्का दात पुन्हा बसवता येतो. मुळाला हात न लावता तो वरच्या बाजूने धरावा, दुधात ठेवावा आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

गैरसमज : मोडलेला चेहरा कायमचा वाकडा राहतो.
वस्तुस्थिती : चेहऱ्याचा मधला भाग ठरावीक तीन रेषांवर तुटतो, हे फ्रेंच शल्यविशारद रेने ल फोर यांनी १९०१ मध्येच दाखवले. आज टायटॅनियमच्या पट्ट्यांनी हाडे जुळवतात. वरचे-खालचे दात पूर्वीसारखे जुळत नसतील, तर जबडा तपासून घ्यावाच.

गैरसमज : मदत केली की पोलिसांचा ससेमिरा लागतो.
वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. त्याला नाव सांगण्याचीही सक्ती नाही. साकोलीहून मोठ्या उपचारांसाठी नागपूर गाठायचे तर सुमारे शंभर किलोमीटर. १०८ ला फोन करून, रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीचा श्वास मोकळा ठेवणे रस्त्यावर थांबलेल्या त्या माणसाच्याच हाती असते.