सन १९८४ : खाडीकाठचा ताळेबंद

सन १९८४चे नाव निघाले की वाचकाच्या चित्तात प्रथम दिल्ली उभी राहते, आणि ते स्वाभाविकच होय. कारण जूनमध्ये सुवर्णमंदिरात सैन्य शिरले, ३१ ऑक्टोबरला पंतप्रधान इंदिरा गांधींची हत्या झाली, तिच्या पाठोपाठ राजधानीत शिखांचे शिरकाण झाले, आणि डिसेंबरच्या आरंभी भोपाळच्या विषारी वायूने झोपेतल्या माणसांचा घास घेतला. त्याच वर्षी राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अंतराळात गेले, बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोहोचल्या, अमेरिकेत मॅकिन्टॉश संगणक विक्रीस आला, आणि ‘हम लोग’ ही दूरदर्शन मालिका पाहण्यासाठी संच असलेल्या घरी शेजारपाजार जमू लागला.

पनवेल-उरणच्या खाडीकाठी मात्र हे वर्ष स्मरले जाते ते जानेवारीतल्या दोन दिवसांमुळे. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. ज्या आगरी, कोळी, कराडी कुळांनी भरतीचे खारे पाणी बांध घालून थोपवले आणि त्याआड भात पिकवला, त्यांची नावे सातबाऱ्यावरून उतरू लागली. हाती पडणाऱ्या मोबदल्याचा आणि त्याच मातीवर उभ्या राहणाऱ्या शहराच्या मोलाचा मेळ कोणत्याही हिशेबाने बसत नव्हता. जासईचे सुपुत्र, पेशाने वकील आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १६ जानेवारीला दास्तान फाट्यावर हजारो स्त्रीपुरुष जमले. त्या दिवशी तेथे आणि दुसऱ्या दिवशी नवघरनजीक पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकऱ्यांचा बळी घेतला.

या रक्तपातातून जे तत्त्व सरकारदरबारी रुजू झाले, ते पुढे साडेबारा टक्क्यांची योजना या नावाने अंमलात आले : संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत द्यावयाचा, म्हणजे चाळीस गुंठ्यांच्या एकरामागे कागदोपत्री पाच गुंठे. आकडा लहान खरा; परंतु मोबदला घेऊन मुकाट वाटेला लागणारा खातेदार त्यामुळे शहराच्या वाढत्या मोलाचा हिस्सेदार ठरला. अनेक भूखंड पुढे विकासकांच्या हाती गेले, भाऊबंदकीत त्यांचे तुकडे पडले आणि कचेऱ्यांचे खेटे चुकले नाहीत, हेही ताळेबंदात मांडलेच पाहिजे.

वर्षअखेरीच्या निवडणुकीत सहानुभूतीच्या लाटेने देशभर काँग्रेसला चारशेहून अधिक जागा दिल्या असता कुलाबा मतदारसंघाने दिबांनाच लोकसभेत धाडले, यावरून येथील मतदाराने त्या वर्षाचा अर्थ कसा लावला होता ते कळते. पुढे पनवेल तालुक्यातल्या विमानतळासाठी जमिनी मागितल्या गेल्या तेव्हा विकसित भूखंडाचा वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला. दिल्लीतल्या घडामोडींची नोंद इतिहासाने आपणहून ठेवली. जासईच्या शेतकऱ्यांना मात्र आपली नोंद महसुली दप्तरात भांडून करून घ्यावी लागली, आणि म्हणूनच त्यानंतर पनवेल-उरणमध्ये भूसंपादनाची बोलणी निव्वळ रोकड मोबदल्यावर मिटणे अवघड झाले.