कॅमच्या आधी क्रँक

हार्ली-डेव्हिडसनच्या ट्विन कॅम इंजिनात नवे कॅम घालायचे ठरले की चर्चा सुरू होते ती लिफ्ट किती, ड्युरेशन किती आणि सायलेन्सर कुठला याची. खरा निर्णय मात्र उजव्या बाजूच्या झाकणाआड, क्रँकशाफ्टच्या टोकावर व्हायचा असतो, आणि तो डायल गेज करतो.

1999 च्या मॉडेलांबरोबर आलेल्या या 1450 सीसीच्या इंजिनात कॅम दोन, पण त्यांना फिरवायला गिअर नव्हते, साखळ्या होत्या. एक क्रँकवरून मागच्या कॅमकडे जाणारी, दुसरी दोन्ही कॅमना जोडणारी. साखळी ताणून धरायला स्प्रिंगच्या जोरावर दाबलेले प्लॅस्टिकचे बूट. हे बूट झिजतात, त्यांचा भुगा तेलात उतरतो आणि ऑइल पंपापर्यंत पोहोचतो. 2006 साली डायना मालिकेत आणि 2007 मध्ये बाकीच्या बिग ट्विन गाड्यांत तेलाच्या दाबावर चालणारे टेन्शनर आले, तेव्हा हे दुखणे बरेच कमी झाले. जुन्या गाड्यांचे मालक मात्र साखळी काढून टाकून थेट गिअरवर चालणारे कॅम बसवायला निघतात. झिजायला बूटच नाही, टायमिंगही पक्के. कल्पना उत्तमच आहे, फक्त तिला क्रँक सरळ लागतो.

ट्विन कॅमचा क्रँक एकसंध नाही. दोन जड फ्लायव्हील आणि त्यांच्यामध्ये प्रेसने दाबून बसवलेली एकच क्रँकपिन. पकड सगळी घट्ट बसण्याची. उंच आरपीएमवर धाडकन क्लच सोडला किंवा गिअर उतरवताना मागचे चाक लॉक झाले, तर एक फ्लायव्हील दुसऱ्याच्या तुलनेत केसभर सरकू शकते. गाडी तरीही चालत राहते. शाफ्टचे टोक मात्र सरळ न फिरता डुलू लागते.

ते पाहायचे तर कॅम, कॅम प्लेट आणि ऑइल पंप उतरवावे लागतात. स्पार्क प्लग काढून इंजिन हलके करायचे, मागचे चाक उचलून गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवायची. डायलचा स्टँड क्रँककेसला पक्का, टोक शाफ्टच्या स्वच्छ, ओरखडा नसलेल्या भागावर. चाक हाताने सावकाश फिरवायचे आणि काट्याचे सर्वात कमी व सर्वात जास्त वाचन टिपायचे. त्यांतला फरक म्हणजे रनआउट. लेथवाला ज्याला ‘जॉब आऊट आहे’ म्हणतो, तेच हे. मग शाफ्ट हाताने वर-खाली दाबून पाहायचा. तिथे खेळ लागला तर दोष बेअरिंगचा, आणि तो रनआउटमध्ये मिसळला की आकड्याला अर्थ उरत नाही. काढलेला पंप आणि प्लेटही निरखावी. त्यांच्यावर एकाच बाजूला घासल्याच्या रेघा असतील, तर डायल लावण्याआधीच अर्धे उत्तर मिळालेले असते.

गिअरवाल्या कॅमसाठी मर्यादा साधारण 0.003 इंच, म्हणजे तीन थाऊ. मिलिमीटरमध्ये 0.08 च्या आतच. क्रँक डुलला की त्याच्यावरचा गिअर एका फेऱ्यात कॅमच्या गिअरमध्ये घट्ट रुततो आणि अर्ध्या फेऱ्यानंतर सैल पडतो. आधी कुईं असा आवाज, मग दात आणि बुश यांचे नुकसान. कंपनीच्या पुढच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हीच मर्यादा 0.012 इंचापर्यंत सैल दिसते. साखळी एवढे सहन करते हे खरे, पण चौपट सूट वाचून ‘आपला क्रँक कंपनीच्या मापात आहे’ असे समाधान मानणाऱ्याने गिअरचा बॉक्स उघडू नये.

2010 पासून भारतात आलेल्या ट्विन कॅमच्या फॅट बॉय, स्ट्रीट बॉबमध्ये सुधारित टेन्शनर आधीच आहेत. तिथे कॅम बदलताना साखळी ठेवणेच बहुधा शहाणपणाचे, कॅमची आतली बेअरिंग तेवढी त्याच खेपेला नवी टाकावीत. जुन्या इंजिनात आकडा तीन थाऊंच्या पुढे गेला, तर हायड्रॉलिक टेन्शनरची प्लेट बसवता येते. गिअरचाच हट्ट असेल, तर इंजिन उतरवा, केस फोडा, क्रँक सरळ करून पिन वेल्ड करून घ्या, आणि त्या खर्चात कॅमची किंमत किरकोळ वाटेल याची तयारी ठेवा.